नगरविद्येची पदवी आणि घरचा जमाखर्च

बारावीचे निकाल लागले म्हणजे सुशिक्षित घरांतून एकच चर्चा सुरू होते. वैद्यक, अभियांत्रिकी व हिशेबतपासनिसी या वाटा वडील मंडळींच्या परिचयाच्या असल्यामुळें त्यांविषयीं वाद झाला तरी तो गुणांपुरताच होतो. परंतु घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें ‘मला शहरांचा अभ्यास करावयाचा आहे’ असें सांगितलें, कीं सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. ही कसली विद्या, तिला किती पैसे पडतात, आणि ती शिकून पोटाला काय मिळतें, असे तीन प्रश्न एकदम पुढें येतात. हे प्रश्न क्षुद्र नव्हेत. ज्या घरांत सर्वांचें शिक्षण एकाच पेटींतून होतें, तेथें एकाच्या पदवीवर दुसऱ्याचें शिक्षण, तिसऱ्याचें लग्न आणि आजोबांचें औषधपाणी अवलंबून असतें. म्हणून या प्रश्नांचा थोडा तपशिलानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही विद्या आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. १९१८ सालीं त्यांनीं होळकर दरबारासाठीं इंदूर शहराच्या सुधारणेचा दोन भागांचा अहवाल लिहिला, आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग निघाला तेव्हां त्याचे ते पहिले प्राध्यापक झाले. स्वतः गेडिस यांनीं विद्यापीठाची कोणतीही पदवी पुरी केलेली नव्हती; आज त्यांच्या उदाहरणावर विसंबून कोणीं अर्ज केल्यास तो छाननींतच बाद होईल, हें सांगणें नकोच. १९२४ सालीं त्या विभागाची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली व तेथें समाजशास्त्राची परंपरा वाढली. नगररचनेचें धंदेशिक्षण मात्र निराळ्या घरीं वाढलें. दिल्लीस १९५५ सालीं नगर व ग्राम नियोजनाचें विद्यालय निघालें, अहमदाबादेस १९७२ सालीं नियोजनाचें शिक्षण सुरू झालें.

त्यामुळें ‘शहरांचा अभ्यास’ या एका नांवाखालीं आज दोन निरनिराळ्या पदव्या वावरत आहेत, आणि पालकांची बहुतेक फसगत या दोहोंच्या घोटाळ्यांतून होते. पहिली पदवी नगरनियोजनाची. बी. प्लॅन. चार वर्षांची व एम. प्लॅन. दोन वर्षांची असते. बी. प्लॅन.साठीं बारावीस गणित लागतें, व केंद्रीय संस्थांतील प्रवेश जेईई मुख्य परीक्षेच्या ‘दोन-ब’ पत्रिकेवरून होतो. जमिनीचा वापर, रस्ते, पाणी, सांडपाणी, नकाशे आणि कायदा हे तिचे विषय. दुसरी पदवी नागरी अभ्यासाची. टाटा समाजविज्ञान संस्थेनें नागरी धोरण व शासन या विषयाचा जो पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला, तो याच जातीचा. शहरांत कोण राहतो, कोणास राहूं दिलें जात नाहीं, नगरपालिकेचा पैसा कोठून येतो व कोठें जातो, हें ती शिकविते. दोन्ही विद्या आदरणीय आहेत. परंतु त्यांच्या किल्ल्यांनीं एकच दार उघडत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. राज्याच्या नगररचना विभागांतील सहायक नगररचनाकाराचें पद लोकसेवा आयोगामार्फत भरलें जातें. त्याच्या जाहिरातींत स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगरनियोजन अशा पदव्या मागितलेल्या आढळतात. म्हणजे नियोजनाच्या पदवीधरास तेथें स्थापत्य अभियंत्यांशीं झुंजावें लागतें. आणि इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या पदवीवर नागरी अभ्यासाची एम. ए. चढविणाऱ्यास तें दार बहुधा बंदच असतें. अशा विद्यार्थ्यानें संशोधनसंस्था, स्वयंसेवी संस्था, वृत्तपत्रें, अध्यापन व सल्लागार कचेऱ्या यांकडे पाहिलें पाहिजे. तेथें काम पुष्कळ असतें, पण तें बरेंचसें मुदतबंद असतें.

माहितीपत्रकांतून आणखी एक युक्तिवाद नेहमीं केला जातो: देशांत शहरें वाढत आहेत, सबब या पदवीस मोठें भवितव्य आहे. पूर्वपक्ष खराच आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांसाठीं जीं अठरा कामें नेमून दिलीं, त्यांत नगरनियोजनाचा क्रमांक पहिला आहे. परंतु नीति आयोगाचा सप्टेंबर २०२१ चा अहवाल पाहावा. देशांत बारा हजारांवर नगररचनाकारांची गरज असतां राज्यांच्या नियोजन खात्यांत मंजूर पदें ३,९४५ होतीं, आणि त्यांतलींही ४२ टक्के रिकामीं होतीं. गरज शहराला असते, पद सरकार मंजूर करतें, आणि वेतन मंजूर व भरलेल्या पदालाच मिळतें. या तीन पायऱ्यांमधील अंतर ज्यानें मोजलें नाहीं, त्यानें भवितव्याची भाषा बोलूं नये.

आतां खर्चाकडे वळूं. सरकारी संस्थेंत एम. प्लॅन. करणाऱ्या व ‘गेट’ परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळूं शकते. दोन वर्षांत ती तीन लाखांच्या जवळ जाते. याउलट परदेशांतील महानगरीं राहून केलेल्या एका वर्षाच्या पदवीचा खर्च फी व राहणें मिळून चाळीस लाखांच्या घरांत सहज जातो. समजा, दहा टक्के व्याजानें दहा वर्षांच्या मुदतीचें कर्ज काढलें. पांच लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारें ६,६०० रुपये पडतो. चाळीस लाखांचा सुमारें ५३,००० रुपये, आणि एकूण परतफेड ६३ लाखांवर जाते. शिक्षणकाळांतील व्याज याहून निराळें.

आमचा ठोकताळा असा कीं, हप्ता पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या चौथाईपेक्षां अधिक नसावा. या मापानें पहिल्या कर्जास दरमहा २६-२७ हजारांचें वेतन पुरतें. दुसऱ्यास पहिल्याच वर्षीं दोन लाखांहून अधिक लागतें. संस्थेनें जाहिरातींत छापलेलें सर्वांत मोठें वेतन विचारूं नये. गेल्या तीन वर्षांत त्याच वर्गांतून बाहेर पडलेल्या चार-पांच जणांस गांठून, पहिली नोकरी किती महिन्यांनीं लागली व हातांत किती पडलें, हें विद्यार्थ्यानें स्वतः विचारून यावें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस आवश्यक वाटतें. मुलग्याच्या बाबतींत पै-पैचा हिशेब मांडणारीं घरें मुलीविषयीं मात्र ‘तिला आवडतें तें शिकूं दे, लग्न व्हावयाचेंच आहे’ असें म्हणतात. हें औदार्य दिसतें, पण त्याच्या पोटीं तिच्या कमाईविषयींची उदासीनता असते. दोघांस एकच माप लावावें. आणि घर गहाण टाकावयाचें असेल तर तें ज्यांचें ज्यांचें आहे, त्या सर्वांची, घरांतील स्त्रियांची सुद्धां, संमति आधीं घ्यावी.

हिशेबांत न मावणारी एक कसोटी उरते, ती ओढीची. आपल्या गांवचा विकास आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें लोकांच्या हरकतींसाठीं प्रसिद्ध होतो. तो मिळवून मुलानें वाचावा. शाळेसाठीं राखलेल्या जागेवर आज काय उभें आहें, हें स्वतः पायीं जाऊन पाहावें. नगरपालिकेंत चार खेपा घालाव्या. इतक्या धुळींतून व कागदांतून फिरूनही ज्याचा उत्साह टिकला, त्याला ही विद्या खुशाल शिकूं द्यावी. मात्र ती माफक खर्चांत, आणि ज्या दारीं पुढें जावयाचें त्या दाराची पात्रता आधीं वाचून. आमच्या शहरांस अशा माणसांची फार जरूर आहे. परंतु शहर सुधारण्यास निघालेल्या तरुणाच्या मागें कर्जांत बुडालेलें घर नसावें, एवढी काळजी वडील मंडळींनीं घ्यावी.