माझे पाच आवडते चित्रपट आणि इतिहासाची साक्ष

१/१४
इतिहासप्रेमी मित्रहो, या मालिकेत आपण बहुधा ताम्रपट, बखरी आणि गडकोट यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे : मला आजवर सर्वाधिक आवडलेले पाच चित्रपट. आवड ही ज्याची त्याची असते; परंतु माझी निवड ज्या कसोटीवर झाली ती इतिहासाच्या अभ्यासातून आली आहे. वाद घालायचा असेल तर त्या कसोटीशी घालावा.

२/१४
आमचे गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. तमाशाची पंढरी म्हणवले जाणारे नारायणगाव येथून फार दूर नाही. वग आणि लावण्या लिहिणारे शाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला. २०२१ मध्ये ते गेले. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी पडद्यावरचा तमाशा पाहिला तो कनातीतला तमाशा पाहिल्यानंतर. त्यांचे शेरे ऐकतच मी चित्रपट पाहायला शिकलो.

३/१४
आता कसोटी. ऐतिहासिक चित्रपट आला की पगडी चुकली, तलवारीची मूठ चुकली, यावर आपण रात्ररात्र भांडतो. माझे मत असे की चित्रपट ज्या काळाचा देखावा मांडतो त्याचा तो कच्चा साक्षीदार असतो. ज्या काळात तो तयार होतो त्याचा मात्र पक्का. बखरीलाही आपण हाच न्याय लावतो : ती कोणाविषयी आहे याआधी ती कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली, हे विचारतो.

४/१४
पहिला, ‘संत तुकाराम’ (१९३६). प्रभात कंपनी, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मला तो आवडतो तो मात्र गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईसाठी. नवरा वैकुंठाच्या वाटेला डोळे लावून बसला असता चूल पेटवण्याचा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा असतो. चमत्कार दाखवणाऱ्या या चित्रपटात घरातल्या उपासमारीचे भान तिच्यामुळे टिकते.

५/१४
याच चित्रपटात बीजापासून विस्तारणाऱ्या वृक्षाचे एक गीत आहे. पुष्कळांना ते तुकोबांचाच अभंग वाटत आले. वस्तुतः ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले. अभ्यासकाने यातून सावध व्हावे. अस्सलपणाचा भास इतका पक्का होऊ शकतो की विसाव्या शतकातली रचना सतराव्या शतकाच्या नावावर सहज जमा होते.

६/१४
दुसरा, ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७). राजकमलची निर्मिती, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. कथा उत्तर पेशवाईतल्या सोलापूरच्या शाहिराची. साक्ष १९४७ ची. त्याच सुमारास मुंबई प्रांताचे सरकार तमाशाला अश्लील ठरवून त्यावर बंदी आणत होते. आणि याच काळात पांढरपेशा प्रेक्षक पडद्यावरच्या लावणीला दाद देत होता. नायक कीर्तनकाराच्या घरातला, शास्त्री परंपरेतला होता, ही गोष्ट त्या दादेमागे नव्हती असे मी म्हणणार नाही.

७/१४
तिसरा, ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), दिग्दर्शक अनंत माने. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षे. तमाशाच्या फडावर उभी राहून एक स्त्री गावच्या पाटलाच्या पापाचा पाढा भर गर्दीत वाचते, ही कल्पनाच जबरदस्त आहे. वगाने हे काम पूर्वीपासून केले होते. ज्याचे नाव उघड घेता येत नाही त्याला सोंगातून गाठायचे.

८/१४
या नावाची कथा पुढेही चालू राहते. हंसा वाडकर यांनी आपली जीवनकहाणी अरुण साधू यांना सांगितली आणि पुस्तकाला नाव दिले तेच, ‘सांगत्ये ऐका’. त्यावर श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) काढला. पडद्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले बोलणारी नटी अखेरीस स्वतःचे बोलली. आमच्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात इतका प्रामाणिक कागद क्वचितच सापडतो.

९/१४
चौथा, ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुले यांचा हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा मास्तर समोरासमोर बसतात तेव्हा सहकाराच्या वैभवाचा हिशेब मागितला जातो. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही पात्रे ओळखीची वाटतात. सत्तरच्या दशकातला ग्रामीण महाराष्ट्र अभ्यासायचा तर हा चित्रपट अहवालांच्या शेजारी ठेवावा.

१०/१४
पाचवा, ‘पिंजरा’ (१९७२), आणि येथे माझे भांडण आहे. व्ही. शांताराम यांनी ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाची कथा मराठी मातीत रुजवली. राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते, संध्या, निळू फुले आणि डॉ. लागू. अखेरीस आपल्याच खुनासाठी शिक्षा भोगणारा गुरुजी मला आजही अस्वस्थ करतो.

११/१४
भांडण असे : कथेत शिक्षकाचे पतन होते आणि त्या पतनाला तमाशाची वेस कारण ठरते. आमच्या गावातल्या एका वृद्ध ढोलकीवाल्यांना मी या चित्रपटाविषयी विचारले. ते म्हणाले, “गाणी लाखाची आहेत. पण आमच्या बायका फडावर नाचून घर चालवायच्या, तो पिंजरा नव्हता, धंदा होता.” चित्रपट पाहून त्यांच्याकडे बोट दाखवणारी माणसे मी स्वतः ऐकली आहेत. तरीही तो माझ्या यादीत आहे. १९७२ चा सुशिक्षित समाज तमाशाकडे ओढला जात होता आणि त्याला भीतही होता. या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र सापडतात.

१२/१४
कोणी विचारील, मग पगडी चुकली तरी चालेल का? नाही. चूक दाखवावीच. परंतु पगडी दुरुस्त करता येते. एखाद्या समाजाविषयीचा ग्रह पडद्यावरून घराघरांत गेला की तो सहजासहजी दुरुस्त होत नाही. आपली टीका आधी तेथे पोहोचायला हवी.

१३/१४
आणखी एक खंत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांना स्त्री नटी मिळाली नाही, तारामती अण्णा साळुंके यांनी केली. त्या चित्रपटाचा केवळ काही भाग आज उरला आहे. भारतात १,३०० हून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मूठभरच वाचले. जे उरले त्यामागे १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि पी. के. नायर यांच्यासारख्यांची पायपीट आहे.

१४/१४
चित्रपटाला संग्रहालय तरी मिळाले. कनातीतल्या वगांना काय मिळाले? पुष्कळसे वग वहीत आहेत, काही केवळ कुणाच्या स्मरणात. म्हणून विनंती : आपले पाच चित्रपट खाली अवश्य लिहा, वाद घालू. पण त्याआधी आपल्या गावात एखादे जुने ढोलकीवाले, सोंगाडे किंवा फडावर नाचलेल्या बाई असतील, तर त्यांच्याकडे एक संध्याकाळ बसा. मोबाईलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. नाव, गाव, तारीख नोंदवा. मी ज्या ढोलकीवाल्यांचे शब्द वर दिले, ते माझ्याकडे केवळ आठवणीत आहेत. तेव्हा मी यंत्र सुरू केले नव्हते.