आधी ताणा, मग धोटा

आपल्यात एक खूळ शिरलंय. म्हणे आपलं लेखन म्हणजे लाव्हा, आणि लाव्हा काय आराखडा काढून वाहतो? पेटा आणि लिहा! या वाक्याला सभेत टाळ्या पडतात. पण दोस्तांनो, पहिल्या रांगेत टाळ्या कोण वाजवतंय तेही बघा. तिथं तो विद्वान बसलाय, ज्याला आपल्याकडून फक्त व्यथा पाहिजे. भोगलेलं तुम्ही सांगा, अर्थ आम्ही लावतो. जखम तुमची, पीएच.डी. आमची. ही कामाची वाटणी मनूचीच हाय.

कविता एका दमात येते. मीही पाळी सुटल्यावर तशीच लिहितो. पण इतिहासाचं, हिशेबाचं, पुराव्याचं पुस्तक दमावर उभं राहात नाही. गिरणीतल्या माणसाला हे शिकवायला नको. आधी धागे मोजून, ताण सारखा ठेवून बीम भरायचा. मग एकेक धागा फणीतून ओवायचा. तेव्हा कुठं धोटा धावतो. ताण्याशिवाय धोटा फेकाल तर हातात गुंता येईल.

बाबासाहेबांपेक्षा मोठी आग कुणाच्या पोटात होती? तरी १९४६ चं शूद्रांवरचं पुस्तक त्यांनी दोन प्रश्नांवर उभं केलं. शूद्र कोण होते? ते चौथा वर्ण कसे झाले? अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं १९४८ चं पुस्तक सहा भागांत लावलं. दुसऱ्यांचे सिद्धांत आधी तपासले, मग आपला मांडला. शासनानं १९८७ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाचा तिसरा खंड छापला. त्यात न झालेल्या पुस्तकांचे आराखडेही आहेत. पुस्तकं राहिली, पण ती कुठं जाणार होती ते आज आपल्याला कळतं. आराखडा माणसामागं उरतो.

आता आपलं एक पुस्तक घ्या. ते अजून आपल्याला लिहायचंय. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढायचा. म्हणजे आपल्या ओठानं धोटा बाटणार! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खातं खुलं करा म्हणून आवाज उठवला. हे आपण भाषणात दोन मिनिटांत सांगतो नि पुढं जातो. पुस्तक करायचं तर असं विचारा :

१. कुठल्या खात्यात कोण होतं?
२. पगारात फरक किती?
३. विटाळ पाळला कुणी? मालकानं, जॉबरनं, की शेजारच्या कामगारानं?
४. १९२८ नंतर काय बदललं, नि कुठल्या गिरणीत?
५. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यात आपली माणसं कुठं होती? पुढं गिरण्या गेल्या, तेव्हा त्यांच्या हाती काय लागलं?

प्रत्येक प्रश्नापुढं चार रकाने आखा. माहीत काय, सांगणार कोण, कागद कुठं, विरोधक काय म्हणेल. जो रकाना रिकामा, तिथं आपलं पुढचं काम. बिनआराखड्याचे म्हाताऱ्याकडं गेलात तर चहा पिऊन, जुन्या गप्पा ऐकून परत याल. १९८२ ला जो विशीत होता तो आज साठी ओलांडून बसलाय. त्याच्या आधीचे तर गेलेच. पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत चालल्यात. दुसऱ्या फेरीला तो म्हातारा भेटेलच असं नाही.

कुणी म्हणेल, आराखडा म्हणजे पिंजरा. पेन्सिलीनं काढा की! नवा पुरावा आला तर खोडा. प्रकरण उडवा, क्रम फिरवा. शंभर पानं लिहून फाडण्यापेक्षा एक ओळ खोडणं स्वस्त.

आणखी एक. प्राध्यापकाला उन्हाळ्याची सुट्टी असते. आपल्याला दोन पाळ्यांच्या मधला अर्धा तास मिळतो, तोही डोळे मिटत असताना. काल कुठं थांबलो ते आराखडा सांगतो. म्हणून त्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त हाय.

तेव्हा पुढच्या बैठकीला घोषणा नका आणू. एक पान आणा. वर एक प्रश्न, खाली पाच प्रकरणं, बाजूला चार रकाने. त्यावर भांडू. कडाडून भांडू. मग कामं वाटून घेऊ आणि म्हाताऱ्यांच्या दारी जाऊ. आपल्या जगण्याचा अर्थ आपणच लावणार असू, तर त्याचा ताणाही आपल्याच हातानं भरावा लागेल.