आगाऊ नोंदणी आणि आगाऊपणा

‘आगाऊ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. वेळेआधी केलेली तजवीज आगाऊ आणि पायरी सोडून वागणारा माणूसही आगाऊच. परदेशी गोल्फ खेळायला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींचे बेत ऐकले की, या दोन अर्थांमधली रेघ किती पुसट आहे ते ध्यानात येते. पुण्या-मुंबईच्या क्लबात वर्षानुवर्षे खेळलेल्या माणसाला एकदा तरी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’वर खेळायचे असते. गोल्फवाल्यांची ती पंढरीच. विमानाची तिकिटे निघतात, हॉटेल ठरते, व्हिसा होतो आणि मग कळते की, ज्यासाठी हा खटाटोप, त्या मैदानावरची वेळ हाती येईलच याची खात्री नाही. मग ‘तिथे आपल्या ओळखीचे कुणी आहे का?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न पुढे येतो.

या मैदानाचा इतिहास ठाऊक असता, तर तो प्रश्न कुणी विचारला नसता. ओल्ड कोर्स हा कुठल्या क्लबाचा नाही, गावाचा आहे. समुद्रकाठच्या या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क 1552 च्या सनदेत नोंदलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने हा माळ विकला, तेव्हा नव्या मालकांनी तिथे ससे पाळले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यातली भांडणे कोर्टापर्यंत गेली. अखेर 1821 मध्ये चीप नावाच्या एका गोल्फप्रेमी जमीनदाराने तो माळ विकत घेऊन खेळासाठी राखला. 1974 च्या कायद्याने कारभार एका विश्वस्त संस्थेकडे आला. एरवी रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातली माणसे, मुले, कुत्री त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर खुशाल फिरतात. खेळाची पंढरी आठवड्यातून एक दिवस साधे गावकुरण होते!

जागा सर्वांची आणि मागणी साऱ्या जगाची, म्हणून तिथे सोडत निघते. दोन ते चार खेळाडूंनी मिळून खेळण्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावे द्यायची. सोमवारी खेळायचे तर शनिवारी. नाव निघाले तर खेळायचे, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव द्यायचे. एकट्या खेळाडूला पूर्वी पहाटेच्या, कधी रात्रभराच्या रांगेत उभे राहावे लागे. 2024 पासून त्याच्यासाठीही सोडत आली. पुढच्या हंगामातल्या काही वेळांसाठी आदल्या वर्षी उन्हाळा सरता सरता अर्ज घेतले जातात, पण तिथेही हमी नाही. 2024 च्या ऐन हंगामात एका फेरीचे शुल्क 320 पौंड होते, म्हणजे तेहतीस हजार रुपयांच्या घरात; पण ते भरण्याची तयारी असली म्हणून नाव निघत नाही.

मग आगाऊ आखणी करायची तरी कशाची? माझे उत्तर असे की, जे आपल्या हाती आहे त्याची. सेंट अँड्र्यूजमध्ये शनिवार-रविवार गाठून जाण्यापेक्षा सोमवार ते शनिवार मुक्काम ठेवावा, म्हणजे नशीब अजमावायला एकाहून अधिक दिवस मिळतात. तिथलीच 1895 ची ‘न्यू’ आणि 1897 ची ‘जुबिली’ ही मैदाने आधी नोंदवता येतात. मुईरफील्डसारखा क्लब पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारीच घेतो, त्याची चौकशी फार आधी करावी लागते. अशा पक्क्या वेळा सहलीच्या सुरुवातीला नि शेवटी बसवाव्यात आणि मधले दिवस सोडतीसाठी मोकळे सोडावेत. हँडिकॅपचा दाखला सोबत हवाच. एवढे केले की आपले काम संपले.

यावर आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. आयुष्यभराची बचत मोडून, सात हजार किलोमीटर ओलांडून गेलेल्या माणसाने चिठ्ठीच्या भरवशावर राहायचे का? हॉटेलसकट हमीची वेळ विकणाऱ्या अधिकृत प्रवासी संस्था आहेत, त्यांच्याकडून ती घेण्यात बेकायदा काही नाही. एकदाच जाणे शक्य असलेल्या वृद्धाने ती वाट धरली, तर त्याला बोल लावू नये. पण सगळेच त्या वाटेने जाऊ लागले, तर सोडतीला उरणार काय? तिचे मोल इतकेच की, त्या डब्यात कोट्यधीशाची आणि शाळामास्तराची चिठ्ठी सारख्याच वजनाची असते. हमी जसजशी महाग विकली जाईल, तसतसा तो डबा रिकामा होत जाईल आणि गावाचा माळ नकळत पुन्हा कुणाच्या तरी मालकीचा होईल. या वेळी ससे नसतील, एवढाच फरक.

मैदाने हातची जाताना पाहिलेल्या शहरांतल्या आपणा मंडळींना तरी हे वेगळे सांगायला नको. म्हणून वर्षभर आधी तयारी जरूर करावी. पण दुसऱ्याच्या गावकुरणावर पाऊल ठेवताना आपली चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांत टाकून गप्प उभे राहावे. नाव निघाले तर आनंद आहेच. नाही निघाले, तर रविवारी त्याच हिरवळीवर फेरफटका मारायला पैसे पडत नाहीत आणि ओळखही लागत नाही.