एक यंत्र, चार बिऱ्हाडे

वाड्यात चार बिऱ्हाडे असली तर विहीर एक, जिना एक. पण प्रत्येकाच्या खोलीला कुलूप वेगळे. हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. सामायिक संगणकापाशी बसलो की मात्र हेच साधे तत्त्व आपण विसरतो, असे मला खेदाने म्हणावे लागते.

लिनक्स प्रणालीत एकाच संगणकाला तीन-चार पडदे, तितकेच कीबोर्ड आणि माऊस जोडून तितक्याच विद्यार्थ्यांना एकाच वेळी काम करता येते. कल्पना नवी नाही. १९७० च्या सुमारास आकाराला आलेली युनिक्स प्रणाली अनेकांनी एक यंत्र वापरावे याच विचारावर उभी राहिली. पुढे ब्राझीलमधील पाराना राज्याने आपल्या सरकारी शाळांत असे संगणक बसवले. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या आपल्यासारख्या महाविद्यालयांना ही सोय वरदानच आहे.

परंतु एखाद्या जागेचा पडदा कुलूपबंद होईना किंवा उघडेना, की सर्वत्र दोनच उपाय ऐकू येतात. एक, कुलूपच काढून टाका. दोन, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. मला हे दोन्ही उपाय अमान्य आहेत. कुलूप नसेल तर माझ्या खुर्चीवर बसणारा कोणीही माझ्या नावाने काहीही लिहू शकेल. आणि यंत्र बंद केले तर एकाच्या अडचणीपायी शेजारच्या तिघांचे न साठवलेले निबंध वाहून जातील. हा कोणता न्याय?

वास्तविक दोष शोधणे कठीण नाही. प्रथम कीबोर्ड पाहावा. कोणता कीबोर्ड कोणत्या जागेचा, हे यंत्र तो कोणत्या खाचेत खोचला आहे त्यावरून ठरवते. झाडलोट करताना वायर दुसऱ्या खाचेत गेली की तो कीबोर्ड बहुधा पहिल्या जागेच्या, म्हणजे ‘सीट झिरो’च्या, पदरात पडतो. मग विद्यार्थी आपल्या पडद्याकडे पाहून पासवर्ड टाइप करतो आणि अक्षरे उमटतात शेजाऱ्याच्या पडद्यावर! ‘लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस’ ही आज्ञा दिली की कोणते उपकरण कोणाकडे आहे ते कळते. ‘लॉगिनसीटीएल अटॅच’ने ते योग्य जागेला पुन्हा जोडता येते.

दुसरी गोष्ट कुलपाच्या जातीची. ‘लाइट-लॉकर’सारखे कुलूप वेगळ्या आभासी कन्सोलवर जाऊन तिथे प्रवेशाचा पडदा दाखवते. असे कन्सोल फक्त पहिल्या जागेलाच असतात. म्हणून तेच कुलूप पहिल्या जागी लागते आणि इतरांकडे फसते. तिथे त्याच पडद्यावर आवरण घालणारे कुलूप हवे. एक्स प्रणालीवरचे, १९९२ पासून वापरात असलेले ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ या जातीचे आहे.

एवढे करूनही एखादी जागा अडकलीच, तर ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ने तिचा क्रमांक पाहून ‘टर्मिनेट-सेशन’ने तेवढेच सत्र संपवावे. नुकसान झालेच तर एकाचे होईल, चौघांचे नाही.

पण या आज्ञा द्यायच्या कोणी? हे अधिकार बहुतेक ठिकाणी एकट्या तंत्रज्ञाकडे असतात, आणि तो येईपर्यंत विद्यार्थी वीजेचे बटण दाबून मोकळा होतो. माझे स्पष्ट मत असे, की दोन जबाबदार विद्यार्थ्यांना हे मोजके अधिकार द्यावेत. ‘सुडो’ या सोयीने अधिकार नेमक्या आज्ञांपुरते मर्यादित ठेवता येतात. दुसऱ्याचे सत्र संपवण्याची सत्ता विद्यार्थ्याच्या हाती देणे धोक्याचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. म्हणूनच असे प्रत्येक सत्र संपवल्याची नोंद वहीत व्हावी आणि ती सर्वांना पाहता यावी.

मित्रहो, ग्रंथालयातील पुस्तकाचे पान फाडणाऱ्याला आपण दोष देतो. शेजाऱ्याचे काम चालू असताना बटण दाबणारा हात त्याहून वेगळा आहे काय?