खेळ आणि विज्ञान : चेंडूच्या पोटात दडलेय काय?



मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये बोलिंग नावाचा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गुळगुळीत लांब पट्टीवरून जड चेंडू सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या, एवढाच हा खेळ. आपल्याकडे तो चैनीचा वाटतो. अमेरिकेत मात्र तो कामगारांनी वाढवला. पाळी संपली की कारखान्याकारखान्यांचे संघ एकमेकांशी चुरशीने खेळत.

सगळे चेंडू दिसायला सारखेच. व्यास साधारण साडेआठ इंच आणि वजन जास्तीत जास्त 16 पौंड, म्हणजे सव्वासात किलो. असे असूनही एकाचा चेंडू सुतासारखा सरळ जातो आणि दुसऱ्याचा शेवटच्या क्षणी झपकन वळतो. हे कशामुळे होते? हाताचे कसब तर हवेच. पण चेंडूची घडण आणि त्याला पाडलेली भोके यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

आधी वळण कशाला हवे ते पाहू. चेंडू पहिल्या पिनेच्या किंचित बाजूला, साधारण 6 अंशांच्या तिरप्या कोनात घुसला, तर दहाही पिना पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पट्टी 60 फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद. एवढ्या अरुंद जागेत सरळ सोडलेल्या चेंडूला तो कोन मिळणे अशक्यच. म्हणून चेंडू शेवटी वळला पाहिजे.

पट्टीच्या सुरुवातीच्या साधारण 40 फुटांवर तेल लावलेले असते, पुढचा भाग कोरडा असतो. कॅरमवर पावडर टाकली की स्ट्रायकर कसा सरकतो, तसा चेंडू तेलावर स्वतःभोवती फिरत नुसता घसरतो. कोरडा भाग आला की पट्टी त्याला पकडते आणि फिरकीच्या दिशेने तो वळतो.

ही पकड पहिल्यांदा ठरते ती चेंडूच्या कातडीवर. पूर्वी चेंडू लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराचे आले, पुढे प्लॅस्टिकचे, 1980 च्या सुमारास युरेथेनचे आणि 1990 नंतर अधिक घट्ट पकड घेणाऱ्या नव्या राळेचे. 1973 साली डॉन मॅक्यून या अमेरिकन खेळाडूने प्लॅस्टिकचा चेंडू रसायनात भिजवून मऊ केला आणि त्या एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या. मऊ चेंडू पट्टीला जास्त धरतो, हे सर्वांच्या लक्षात आले. मग चेंडू किमान किती कठीण असावा, याचा नियमच करावा लागला.

दुसरी गोष्ट चेंडूच्या पोटातली. आत जड गाभा बसवलेला असतो. सारख्याच वजनाची दोन चाके घ्या. एकाचे वजन तुंब्याजवळ, दुसऱ्याचे धावेवर. पहिले चटकन फिरू लागेल, दुसऱ्याला वेळ लागेल. चेंडूचेही तसेच. वजन मध्याजवळ असेल तर तो लवकर गरगरू लागतो आणि लवकर वळतो. वजन कडेकडे असेल तर तो लांबवर घसरत जातो आणि उशिरा वळतो.

तिसरी गोष्ट भोकांची. गाभ्याचा माथा कोठे आहे हे दाखवणारा ठिपका चेंडूवर असतो. खेळाडूच्या हातून सुटताना चेंडू ज्या आसाभोवती फिरतो, त्या आसाच्या टोकापासून हा ठिपका किती दूर ठेवायचा, हे भोके पाडणारा कारागीर ठरवतो. ठिपका आसावरच आला, किंवा पावणेसात इंचांवर, म्हणजे चेंडूच्या घेराच्या पावभागावर आला, तर चेंडू स्थिर फिरतो. त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन इंचांवर ठेवला, तर तो भोवऱ्यासारखा सर्वांत जास्त डुलतो. डुलण्याचा फायदा असा, की प्रत्येक फेरीला चेंडूची नवी, तेल न लागलेली बाजू पट्टीला टेकते आणि पकड वाढते. एकाच साच्यातले दोन चेंडू केवळ भोकांमुळे वेगळे वागतात, ते असे.

पूर्वी वजनाचा तोल साधायला बोटे न घालण्याचे जादा भोकही पाडत. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने 1 ऑगस्ट 2020 पासून आपल्या स्पर्धांत त्यावर बंदी घातली.

भोकांचे माप हाताला जुळले पाहिजे. अंगठ्याचे भोक सैल असेल तर खेळाडू चेंडू आवळून धरतो. मनगट आणि अंगठा दुखावतो. घट्ट असेल तर अंगठा अडकतो आणि चेंडू उशिरा सुटतो. सरावलेले खेळाडू मधले बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच घालतात, म्हणजे फिरकी जास्त मिळते. नवख्याने दुसऱ्या पेरापर्यंत घालावीत. मुले सहलीला गेली आणि भाड्याचा चेंडू घ्यायचा झाला, तर रंग पाहून घेऊ नका. वर लिहिलेला वजनाचा आकडा पाहा, अंगठा सहज आत-बाहेर होतो का ते तपासा आणि मगच खेळा.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था 1895 साली स्थापन झाली, ती खेळाला सर्वत्र सारखे नियम असावेत म्हणून. पण 1916 साली याच संस्थेने सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांपुरते ठेवले. चेंडू सर्वांना एकाच मापाचा, पण माणसाला मात्र कातडीचे माप! काळ्या खेळाडूंनी 1939 साली डेट्रॉइट येथे स्वतःची संघटना उभी केली. मोटार कामगारांची युनियन आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संस्था यांनी नेट लावला, तेव्हा कुठे 1950 साली ते कलम गेले.

चेंडू का वळतो, याचे उत्तर विज्ञानाने दिले. पण पट्टीवर कोणी उभे राहायचे, हा प्रश्न माणसांना एकत्र येऊन, लढूनच सोडवावा लागला. मुलांना या खेळाचे विज्ञान सांगाल तेव्हा त्याचा हा इतिहासही जरूर सांगा.