विमानाचा पंख कशानें मढवावा?

शाळेच्या सभागृहांत रबराच्या पिळावर उडणारीं चिमुकलीं विमानें करण्याचा नाद कित्येक विद्यार्थ्यांस असतो. हा नाद स्तुत्य होय. परंतु सांगाडा मढवितांना आमचे बालमित्र रंगास भुलतात. जाड, झगझगीत कागदाचें विमान टेबलावर शोभतें, हवेंत मात्र टिकत नाहीं. आणि मग आपणांस कांहींच साधत नाहीं असा मुलाचा ग्रह होतो. वस्तुतः दोष बहुधा हाताचा नसून कागदाचा असतो.

हिशेबच पाहूं. पंख व शेपूट मिळून ६०० चौरस सेंटिमीटर मढवावयाचे आहेत असें धरा. वहीचा कागद दर चौरस मीटरास सुमारें ६० ग्रॅम भरतो. म्हणजे मढवणीचेंच वजन ३.६ ग्रॅम झालें. १२ ग्रॅमी टिश्यू कागद घेतल्यास तें ०.७२ ग्रॅमवर येतें, व दीड मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मनें सुमारें ०.१३ ग्रॅमवर. जड विमानास तरंगण्यासाठीं अधिक वेग लागतो, आणि रबराचा पीळ लवकर संपतो.

मग सर्वांत हलकें तेंच नवशिक्यास उत्तम काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पूर्वी निष्णात कारागीर नायट्रोसेल्युलोजचें द्रावण पाण्यावर ओतून त्याचा इंद्रधनुषी पापुद्रा तारेच्या चौकटीवर अलगद उचलीत. तो जरा धक्का लागतांच फाटे. अतिपातळ फिल्मही सरावावांचून हातीं लागत नाहीं. ती बोटांस चिकटते व चुरगळते.

म्हणून आरंभ टिश्यू कागदानेंच करावा. तो प्रथम मोकळ्या चौकटीवर लावून, पाणी शिंपडून वाळूं द्यावा. नंतर पातळ केलेल्या डिंकानें पंखाच्या केवळ वरच्या बाजूस चिकटवावा. मढविल्यावर पाणी मारल्यास कागद आकसून नाजूक काड्या वांकवितो. पावसाळ्यांत कागद सर्द होऊन सैल पडतो. फिल्म ओल धरीत नाहीं. यास्तव हात बसल्यावर तिजकडे अवश्य वळावें.

पालकांस आमची विनंती अशी कीं, महागड्या तयार संचापूर्वी मुलास ग्रॅमचा शतांश दाखविणारा लहानसा काटा द्यावा. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा तुकडा तोलून त्याची शंभरपट केली कीं दर चौरस मीटराचें वजन कळतें. तसेंच प्रदर्शनांतील पारितोषिक रंगरूपास न देतां विमान किती सेकंद तरंगलें हें पाहून द्यावें. असें झाल्यास विद्यार्थी कागद डोळ्यांनीं नव्हे, तर तोलून निवडूं लागतील, असा आम्हांस भरंवसा वाटतो.