संस्थेच्या दप्तराच्या किल्ल्या

शेतकऱ्यांच्या संस्थांचें दप्तर आतां कपाटांतून निघून संगणकावर जात आहे. जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जमाखर्च एका सेवेंत, पत्रव्यवहार दुसरींत, सभासदांचे कागद तिसरींत, अशीही व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं दिसते. ‘क्लाउड’ म्हणतात तें हेंच. दप्तर परक्याच्या जागेंत, किल्ल्या मात्र आपल्या हातीं. त्या कोणाच्या हातीं असाव्यात, हें सभासदांनीं पाहिलें पाहिजे.

आमचें मत असें कीं, अधिकार हुद्द्यास जोडावा, इसमास जोडूं नये. महसूल खात्यास हें नवें नाहीं. तलाठी फेरफार नोंदवितो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करितो. दोन्ही कामें एका हातीं देत नाहींत. संगणकाकरितां हुद्देवार अधिकारांची अशीच पद्धति १९९२ सालीं अमेरिकेंत फेरायोलो व कून यांनीं सूत्रबद्ध केली.

खरी अडचण सेवा अनेक झाल्यानें उत्पन्न होते. चिटणीस बदलला म्हणजे जमाखर्चाची किल्ली काढून घेतात, टपालाची तशीच राहते. २०२१ सालीं अमेरिकेंतील कलोनियल पाइपलाइन कंपनीचें वापरांतून गेलेलें, पण बंद न केलेलें एक खातें चोरांच्या हातीं पडलें. तेलवाहिनी कित्येक दिवस बंद राहिली आणि सुमारें ४४ लक्ष डॉलर खंडणी द्यावी लागली.

यास्तव प्रत्येक संस्थेनें एक पत्रक ठेवावें. आडव्या ओळींत हुद्दे, उभ्या रकान्यांत सेवा. प्रत्येक घरांत पाहणें, लिहिणें, मंजूर करणें, किंवा निरंक. कामास लागेल त्याहून अधिक कांहीं लिहूं नये. चार्ज देतांना त्याच दिवशीं सर्व सेवांतील अधिकार बंद करून पत्रकावर सही घ्यावी. एकच संकेतशब्द चौघांनीं वापरणें तर सर्वथा वर्ज्य. मग अमुक नोंद कोणी केली, याचा पत्ता लागत नाहीं. दर तीन महिन्यांनीं पत्रक व्यवस्थापक मंडळापुढें वाचावें.

कोणी म्हणतील, आमच्या संस्थेंत माणसें तीनच, विभागणी कशी करावी? एकाकडे दोन हुद्दे खुशाल असावेत. परंतु स्वतः केलेली नोंद त्यानें स्वतः मंजूर करूं नये. एवढें तिघांतही साधतें.

कर्ज सभासदाच्या नांवावर असतें, आणि खोट्या नोंदीचा भारही शेवटीं त्याच्याच सातबाऱ्यावर चढतो. तेव्हां येत्या वार्षिक सभेंत हें पत्रक मागण्यास सभासदांनीं संकोच करूं नये.